कांतोकूंची भिंत

कांतोकू भांड्यांना नमस्कार करायचे. एखादं दृश्य चित्रित करून झालं की बाकीची माणसं सैल व्हायची. कुणी पाणी प्यायला जाई, कुणी फोन काढून बसे. कांतोकू मात्र सावकाश चालत त्या दृश्यातल्या पातेल्यापाशी, बाकापाशी, कधी नुसत्या एका स्टीलच्या पेल्यापाशी जात आणि कमरेतून वाकत. नटालाही ते तेवढंच वाकून नमस्कार करत. पहिल्या दिवशी ते माझ्या अब्बांच्या बिर्याणीच्या डेगीपुढे असे वाकले तेव्हा हमीदचाचा हातातला झारा टाकून धावला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

कांतोकू हे त्यांचं नाव नव्हे. जपानीत चित्रपटाच्या दिग्दर्शकाला कांतोकू म्हणतात, आणि तिकडे माणसाला त्याच्या कामावरून हाक मारायची रीत आहे. अब्बांना ते ‘ताइशो’ म्हणत; खाणावळीतल्या मुख्य आचाऱ्याला जपानात अशी आदराने हाक मारतात. मला ते ‘गाकुसेई-सान’ म्हणत, म्हणजे विद्यार्थिनीबाई. अब्बांच्या हाताखाली काम करणाऱ्या हमीदचाचाने दुसऱ्याच दिवशी कांतोकूंचं ‘कांताकाकू’ करून टाकलं. म्हणाला, “आमच्या वाडीत होती एक कांताकाकू. तीपण अशीच. भांडं जागचं हललं की घर डोक्यावर घ्यायची.”

मी याआधी कुणाबद्दल असं लिहिलेलं नाही, त्यामुळे क्रम चुकेल. आधी मी तिथे कशी होते ते सांगते. माझे अब्बा सौदीत हाइल शहराच्या बाहेर, शेतांकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर एक खाणावळ सांभाळतात. जागा कफीलची, म्हणजे अब्बांना कामावर ठेवणाऱ्या सौदी मालकाची, स्वयंपाक अब्बांचा. गव्हाच्या शेतांवर राबणारे, ट्रकवाले, पंप दुरुस्त करणारे तिथे जेवायला येतात. आमचं गाव रत्नागिरीकडे, खाडीच्या काठावर. अब्बा माझ्या जन्माआधीपासून तिकडे आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पुण्याला जपानी भाषा शिकते. जपानीच का, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. वर्गातल्या सगळ्यांची इंग्रजी माझ्याहून कितीतरी चांगली होती. जपानी मात्र सगळ्यांनाच अगदी पहिल्या अक्षरापासून शिकायची होती. म्हणून असेल.

त्या हिवाळ्यात परीक्षा संपल्यावर मी आणि अम्मी व्हिजिट व्हिसावर अब्बांकडे गेलो होतो. तेव्हाच कांतोकूंच्या चित्रपटासाठी जुनं, वापरातलं स्वयंपाकघर शोधत काही लोक खाणावळीत आले. चित्रीकरणाची सगळी व्यवस्था बघणारी रीम नावाची सौदी बाई त्यांच्याबरोबर होती. भिंतींवरची काजळी बघून ती भलतीच खूश झाली. अब्बांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांना ‘जपानी’ एवढा एकच शब्द कळला आणि त्यांनी छाती काढून सांगितलं, “माझी पोर जपानी बोलते!”

मी बोलत नव्हते. मी फक्त शिकत होते. त्यांचा खरा दुभाषी कॅमेऱ्याच्या लोकांबरोबर असायचा. स्वयंपाकघरापुरतं काम माझ्याकडे आलं. पहिल्या सकाळी कांतोकू माझ्याशी बराच वेळ काहीतरी बोलले. मी मान डोलवत राहिले. वर्गात काही समजलं नाही की मी हेच करायचे. ते थांबले आणि त्यांनी विचारलं, “किती कळलं?” खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण थंडीने दात वाजत होते आणि सुचेना. मी म्हटलं, “मला कळलं नाही.” ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “छान. हे वाक्य तुम्ही अगदी बरोबर म्हणता, गाकुसेई-सान. मला हे म्हणायला शिकायला पन्नाशी उजाडावी लागली.” मग त्यांनी तेच सगळं सोप्या शब्दांत, तुकडे करून पुन्हा सांगितलं. त्यानंतर ते रोज सकाळी विचारत, “आज काय कळलं नाही?” तब्येतीची चौकशी करावी तसं. आणि मी सांगू लागले.

त्यांचे चित्रपट मी दुपारच्या रिकाम्या वेळात, लॅपटॉपवर, इंग्रजी शब्दपट्ट्या वाचत बघितले. सगळे मिळाले नाहीत. पहिला मिठागरावर काम करणाऱ्या कुटुंबाचा. त्यात कुणी मोठ्याने बोलतच नाही, आणि तरी शेवटी आई मिठाचं घमेलं खाली ठेवते तेव्हा मला रडू आलं. दुसरा एका न्हाव्याच्या दुकानाचा, तिसरा सार्वजनिक न्हाणीघर चालवणाऱ्या दोन बहिणींचा. हे लोक कांतोकूंनी बाहेरून बघितले नव्हते. त्यांचं लहानपण न्हाणीघराच्या वरच्या खोलीत गेलं होतं. खालून येणारी वाफ त्यांच्या वह्या ओल्या करायची, असं ते सांगत. शिक्षण संपल्यावर बरीच वर्षं त्यांनी दुसऱ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली काढली. म्हणत, “माझं काम सामान उचलून जिथल्या तिथे ठेवायचं. म्हणून मला सामानाची जागा कळते. माणसांची कळत नाही.”

मधल्या काळात त्यांनी एका मोठ्या कंपनीसाठी लढाईचा चित्रपट केला होता. झेंडे, चिलखतं, शेकडो घोडे. तोच सगळ्यात जास्त चालला. मी त्याचं नाव काढलं तेव्हा ते म्हणाले, “तो माझा नाही. तो घोड्यांचा आहे. घोड्यांनी चांगलं काम केलं.” त्यानंतर कंपनीने तसलाच आणखी एक मागितला. कांतोकूंनी एका आजारी म्हातारीच्या परसबागेवरची गोष्ट नेली. तिथून त्यांचं आणि कंपनीचं तुटलं.

वस्तू हलवायची नाही, हा त्यांचा एकमेव कडक नियम. ते गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानेच चित्रित करत, त्यामुळे आज जिथे झारा आहे तिथेच उद्या तो असायला हवा. अब्बांचं मसाल्याचं फडताळ, गॅसची शेगडी, तिच्यामागची चाळीस वर्षांच्या फोडण्यांनी काळी झालेली भिंत, सगळं होतं तसं. कुणी एखादी बरणी बाजूला केली तर ते आवाज न चढवता म्हणत, “राहू द्या. तिचं काम अजून संपलेलं नाही.” अब्बांची याने फार पंचाईत व्हायची. गिऱ्हाईक जेवायला येतच होतं आणि हळदीची बरणी काम करत होती. अब्बा माझ्याकडे बघून कुजबुजत, “विचार गो त्यांना, हळदीला जेवायची सुट्टी हाय काय?” मी विचारलं. कांतोकूंनी गंभीरपणे घड्याळ बघितलं आणि हळदीला सुट्टी दिली.

या नियमामागे एक दुखणं होतं. ते मला रीमने सांगितलं. कांतोकूंच्या सगळ्या चित्रपटांत एक नटी होती. मिठागरावरची आई तीच, थोरली बहीण तीच. आजारी म्हातारीच्या गोष्टीसाठी त्यांनी कसेबसे पैसे उभे केले, अर्धा चित्रपट झाला, आणि ती नटी वारली. सगळे म्हणाले, दुसरी घ्या, पाठमोरी दाखवा. कांतोकूंनी नाही म्हटलं आणि अर्धा चित्रपट डब्यात बंद केला. मध्येच काही बदललं की गोष्ट मरते, असं तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतलं. त्यानंतर पुष्कळ वर्षं कुणी त्यांना काम दिलं नाही. एका शाळेत ते चित्रपट शिकवत राहिले. हा हाइलमधला चित्रपट त्यांना उतारवयात मिळाला होता. रमजान तोंडावर आला होता. त्याआधी संपवायचं ठरलं होतं, कारण त्यापुढे मुख्य नटाच्या तारखा दुसरीकडे दिलेल्या होत्या आणि पैसे देणारे आधीच कुरकुरत होते. रीम म्हणाली, “हाही अर्धा राहिला, तर ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहणार नाहीत. त्यांनीच मला तसं सांगितलंय.” ती एरवी सतत यल्ला, यल्ला करत सगळ्यांना पळवायची. हे सांगताना मात्र हळू बोलली.

चित्रपटाची गोष्ट साधी होती. एक तरुण जपानी इंजिनिअर शेतांवर पंप बसवायला हाइलला येतो. रोज एका हिंदुस्थानी खाणावळीत जेवतो. मग परत जातो. म्हातारपणी तो पुन्हा येतो आणि बघतो, तर स्वयंपाकघर जसंच्या तसं आहे, भिंतही तशीच काळी. तो बसतो आणि जेवतो. संपलं. तरुणपणीच्या खाणावळवाल्याचं काम करायला रियाधहून एक नट आणला होता, पण कांदा कापणारे, डेग ढवळणारे हात सगळे अब्बांचे होते. शेवटच्या जेवणाच्या दृश्यात मात्र कांतोकूंना खरे अब्बा हवे होते. त्यांनी मला सांगायला सांगितलं, “ताइशोंना म्हणावं, अभिनय करायचा नाही. घरी पाहुणा यायचा असला की तुम्ही जे करता तेच करा.” मी ते अब्बांना जसंच्या तसं सांगितलं. अब्बा म्हणाले, “एवढंच ना? त्यात काय मोठंसं.”

गुरुवारी संध्याकाळच्या उन्हात त्या शेवटच्या भागाचं पहिलं दृश्य झालं. म्हातारा झालेला इंजिनिअर दारात येतो, आत डोकावतो. आत कुणी नसतं. काळी भिंत, रिकामा बाक. तो उंबऱ्यावर थांबतो. बस, तेवढंच. उरलेलं शनिवारी करायचं होतं. शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी रीम कांतोकूंना शेतं दाखवायला घेऊन गेली आणि बोलायला कुणी हवं म्हणून मी आणि अम्मीही बरोबर गेलो. रात्री शेतावरच्या पाहुण्यांच्या खोल्यांत मुक्काम होता. वाळवंटाच्या मधोमध गव्हाची हिरवी गोल शेतं. कांतोकू बांधावर बसले, एक रोपटं बोटांनी सरळ केलं आणि म्हणाले, “आता फक्त एक जेवण राहिलं.” इतक्या दिवसांत मी त्यांना असं निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आम्ही खाणावळीपाशी उतरलो तेव्हा अब्बा दारातच उभे होते. अंगात ईदचा कुर्ता, त्यावर जाकीट. मागे हमीदचाचा, केसांना तेल लावलेलं. आतून कांदा तळल्याचा वास येत होता आणि त्याच्याबरोबर आणखी एक वास, जो मी आधी ओळखलाच नाही.

रंगाचा वास होता. भिंत पांढरी झाली होती.

एकच भिंत नाही, सगळं स्वयंपाकघर. फडताळाला हिरवा रंग. बाकावर नवं प्लास्टिकचं फुलाफुलांचं कापड. हळदीची बरणी घासून इतकी लख्ख केली होती की ती दुसरीच वाटत होती. कॅमेरावाला होता तिथेच खाली बसला. रीमने कपाळावर हात मारला. “या अल्लाह! खलास. पिक्चर खलास.”

अब्बा आमच्या तोंडांकडे बघत होते. त्यांच्या नखांत अजून पांढरा रंग होता. त्यांनी मला हळूच विचारलं, “काय गो, आवडला नाय काय त्यांना?”

 कांतोकू बूट काढून आत गेले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी तिच्यावर तळहात टेकवला. थंडीमुळे रंग पुरता वाळला नव्हता. हात पांढरा झाला. त्या हाताकडे ते बघत राहिले. मग वळून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “ताइशोंना विचारा, हे का केलं.”

मी विचारलं. अब्बा आधीच चिडल्यासारखे झाले होते. घाबरले की ते तसेच होतात. “का म्हणजे? तूच नाय काय सांगितलंस, घरी पाहुणा यायचा असला की करता तेच करा? आमच्या घरी पाहुणा यायचा तर भिंत काळी ठेवतात? तुझ्या आजीनं ठेवली असतीन? दुनिया बघणार हाय म्हणे ह्यो पिक्चर. गावातली बघतील ती काय म्हणतील, एवढी वर्षं तिकडं राहिला आणि भिंतीला हात नाय मारलान? चुना मिळाला नाय, म्हणून हा डब्यातला आणला. अख्खा शुक्रवार आम्ही दोघं उपाशी राबलो.”

“उपाशी नाय,” मागून हमीदचाचा म्हणाला, “खुबूस खाल्ला.”

मी सगळं भाषांतर केलं, खुबूसच्या रोटीसकट. कांतोकू बाहेर गेले आणि गाडीत बसले. काच बंद केली. इकडे खाणावळीत रीम फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. पुन्हा काळी करता येईल का, किती दिवस लागतील. पलीकडून काय उत्तर येतंय ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काजळी काही रंगाने येत नाही. ती भिंत म्हणजे त्यांची नटी होती, आणि ती पुन्हा मध्येच गेली होती.

अब्बांना एव्हाना हमीदचाचाने रीमच्या माणसांना मोडक्यातोडक्या अरबीत विचारून सगळं सांगितलं होतं. त्यांनी एक चहा ओतला, बशी खाली धरली आणि गाडीपाशी गेले. काचेवर टकटक केली. कांतोकूंनी काच खाली केली. मी दारातून बघत होते. दोघांची एकही भाषा एक नव्हती. अब्बा चहा धरून नुसते उभे राहिले. मग कांतोकूंनी पलीकडचं दार उघडलं, अब्बा वळसा घालून आत बसले, आणि दोघं समोर रस्त्याकडे बघत राहिले. चहा कांतोकूंनी संपवला.

थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. “गाकुसेई-सान, ताइशोंना विचारा. काल त्यांनी काय काय केलं? पहिल्यापासून. क्रमाने.”

अब्बा सांगू लागले. सकाळच्या नमाजानंतर कसे निघाले, दुकानवाल्याला घरून उठवून कसं आणलं, शिडी कुणाची, फडताळ हलवताना हमीदच्या पायावर काय पडलं. कांतोकू मध्ये मध्ये विचारत: शिडी कोणी धरली? आधी कोणती भिंत? अब्बांचा आवाज हळूहळू नेहमीसारखा झाला. मग कांतोकू म्हणाले, “त्यांना विचारा. समजा, गुरुवारी त्यांच्या दारात एक पाहुणा आला. लांबून आला. आत डोकावला, कुणी दिसलं नाही, म्हणून न जेवता परत गेला. आणि हे ताइशोंना मागाहून कळलं.”

मी विचारल्यावर अब्बांनी कानाला हात लावला. “नाव काढू नको गो. माझ्या दारातून न जेवता? मला घास जायचा नाय.”

“मग काय कराल?” कांतोकूंचा पुढचा प्रश्न मी विचारला.

“काय करीन म्हणजे? शोधून आणीन. हाइलात कितीशी हॉटेलं? आणि त्याला आणायच्या आधी घर नीट करीन. एकदा फिरून गेलेला पाहुणा, त्याला तसाच काळ्या भिंतीपुढे बसवू?”

मी ते जपानीत सांगितलं. माझं व्याकरण त्या वेळी काय झालं असेल देव जाणे. कांतोकूंनी पूर्ण ऐकलं आणि ते हसू लागले. आधी आवाज न करता, मग खांदे हलेपर्यंत. अब्बांना वाटलं ते रडताहेत; त्यांनी घाबरून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“हाच चित्रपट आहे,” कांतोकू म्हणाले. “मी जो लिहिला होता तो चुकीचा होता. माणूस इतक्या वर्षांनी येतो आणि काही बदललेलं नसतं, हे मला सुंदर वाटत होतं. तसं कुठे होतं? आपण येणार म्हणून कुणीतरी भिंत रंगवतं, हे खरं.” मग म्हणाले, “मी आयुष्यभर नटांना सांगत आलो, घरी करता तेच करा. कुणी केलं नाही. ताइशोंनी केलं.”

हे अब्बांना सांगायला मी तोंड उघडलं, पण मला रडू फुटलं. अब्बा म्हणाले, “काय झालं? काय म्हणतायत? पोलिसांत देतायत काय?” मी मान हलवली. “नाही अब्बा. बरोबर केलंत म्हणतात.” अब्बांनी इतका मोठा श्वास सोडला की गाडीची काच धुरकट झाली. आत जाऊन मी रीमला सांगितलं. ती फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली, मग फोनवरच्या माणसाला म्हणाली, “नंतर बोलते,” आणि बाहेर येऊन ओरडली, “यल्ला!” तो यल्ला मी जन्मात विसरणार नाही.

गुरुवारचं दृश्य तसंच ठेवलं. म्हातारा येतो, डोकावतो; तो पाठमोरा निघून जातो तेवढं बाहेर रस्त्यावर नवं घेतलं. मग अब्बा आणि हमीदचाचा भिंत रंगवतात. त्यासाठी काळी भिंत हवी होती, आणि ती कुठे राहिली होती हे कांतोकूंनीच शोधलं. गॅसच्या सिलिंडरांमागे, खाली कोपऱ्यात, दोघांचा हात पोचला नव्हता. सिलिंडर हलवून तिथे कॅमेरा लावला. अब्बा कॅमेऱ्यापुढे लाकडासारखे ताठ झाले. शेवटी हमीदचाचालाच राहवलं नाही. “वरनं खाली मार ना ब्रश! ढग काढतंस काय?” “तू शिडी धर गपचूप,” अब्बा उसळले आणि विसरून गेले की कुणी बघतंय. कोपरा संपत आला तसे कांतोकू पुढे आले आणि त्यांनी अब्बांचा हात धरला. “एवढं राहू द्या.” वीतभर काळा तुकडा राहिला.

मग शेवटचं जेवण झालं. गावी पाहुण्याला करतात ते कुर्ल्यांचं कालवण नव्हतं, हाइलात खेकडे कुठून आणणार? पण डाळ, भात, कांदा तळून केलेली कोंबडी. म्हाताऱ्या इंजिनिअरने खरंच पोटभर खाल्लं, कारण अब्बा वाढतच राहिले आणि कांतोकूंनी थांबवलं नाही. संपल्यावर कांतोकू चालत भिंतीपाशी गेले. पांढऱ्या भिंतीला वाकले, आणि मग थोडे वळून त्या काळ्या तुकड्याला वेगळे वाकले. किती वेळ तसेच होते. कुणी फोन काढला नाही.

ते गेले त्या दिवशी मी विमानतळावर गेले होते. निरोपाला काय म्हणावं ते मी पाठ करून ठेवलं होतं, वर्गात शिकवतात तसं आदरार्थी, लांबलचक. अर्ध्यात अडले. ते वाट बघत उभे राहिले. मी म्हटलं, “पुढचं मला आठवत नाही.” “छान,” ते म्हणाले, आणि मला नमस्कार केला. डेगीला करत तेवढाच वाकून. मला त्याचा फार अभिमान वाटतो. आता वर्गात मला समजलं नाही की मी हात वर करते. अजून कान गरम होतात, पण करते. परवा माझ्यानंतर आणखी दोघींनी केला.

चित्रपट जोडायला बराच काळ लागला. मध्ये काही महिने रीमकडूनही बातमी नव्हती आणि अब्बा दर शुक्रवारी फोनवर विचारत, “काय गो, कांताकाकूंचं झालं काय पुरं?” मी म्हणे, माहीत नाही. मग एका सकाळी रीमचा निरोप आला, पूर्ण झाला. मी तो अब्बांना वाचून दाखवला. फोनवर मला फक्त डेगीचं झाकण ठेवल्याचा आवाज आला, आणि मग “चला, बरं झालं,” एवढंच.

पुढच्या हिवाळ्यात हाइलच्या एका थिएटरात तो दाखवला तेव्हा मी सुट्टीला तिथेच होते. कांतोकू आले नव्हते. एवढा प्रवास आता झेपत नाही, पण पुढची गोष्ट लिहायला घेतली आहे, असं त्यांनी रीमच्या हाती कळवलं होतं. अब्बा सौदीत पहिल्यांदाच थिएटरात बसत होते. ईदचा तोच कुर्ता. पडद्यावर त्यांचे हात आले, मग ते स्वतः आले, हमीदचाचाचं “ढग काढतंस काय” आलं आणि आजूबाजूचे लोक भाषा न कळताही हसले. शेवटी म्हातारा जेवत असतो आणि कॅमेरा हळूहळू खाली, सिलिंडरांमागे जातो. पांढरी भिंत, आणि तिच्या कडेला तो वीतभर काळा तुकडा. चित्र तिथेच थांबतं, बराच वेळ. अंधारात अब्बांनी माझा हात घट्ट धरला.

“बघ, एवढ्या लोकांपुढे तो कोपराच दाखवलान,” ते कुजबुजले. पण हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाणावळीत चहा पीत होते. हमीदचाचा कुठून तरी उरलेल्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला आणि सिलिंडर सरकवू लागला. म्हणाला, “दुनियेनं बघितलान आता. मारून टाकू तेवढा.”

अब्बा कांदा कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“राहू दे रे,” ते म्हणाले. “त्याचं काम अजून संपलेलं नाय.”